अंगावर घेणं

गुंडाळलेला गालिचा भिंतीला उभा टेकवून मेहुणीने त्यावर खडूने आडवी रेघ मारली. रेघ समोर उभ्या असलेल्या त्याच्या कमरेच्या जराशी वर येत होती.

"खांदा ह्याच्या खाली लागला पाहिजे, भाऊजी," ती म्हणाली. "वर लागला की माझ्याकडून लाल कार्ड."

तो अंगणाच्या टोकापर्यंत मागे गेला, श्वास घेतला आणि धावत आला. शेवटच्या पावलाला त्याने वाकायचा प्रयत्न केला. पाठ वाकली, मान वाकली, गुडघे मात्र ढिम्म. खांदा रेघेच्या चांगला वीतभर वर आदळला आणि गालिचा त्याला घेऊन आडवा झाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने डोकं बाहेर काढलं.

"इतकी वर्षं संसार केला मी ह्या माणसाशी, कधी वाकलेला बघितला नाही. आणि तू वाकवणार?"

"ताई, तू आत जा बरं."

"जाते. गालिचा गिऱ्हाइकाचा आहे, फाटला तर मला सांगत येऊ नका."

तो गालिच्यावर पडल्या पडल्या हसला आणि उठताना उजव्या गुडघ्याला हाताचा आधार देऊन उठला.

घरसामान हलवणं हा त्याचा धंदा. आयुष्यभर दुसऱ्यांची कपाटं जिन्यांवरून उतरवून उतरवून तो गुडघा कामातून गेला होता. उंची अशी, की कुठल्याही दारातून जाताना आधी मान खाली घालायची. गावातल्या हौशी रग्बी क्लबात तो तरुणपणापासून खेळत होता आणि तिथे त्याला सगळे कपाटच म्हणत. रग्बीत बॉल घेऊन पळणाऱ्याला कवेत घेऊन जमिनीवर आणायचं असतं, त्याला टॅकल म्हणतात. कपाटाची टॅकल अगदी साधी होती. आपण उभं राहायचं आणि समोरच्याला येऊन आदळू द्यायचं. बरेच जण आदळले, कपडे झटकून उठले, सामना संपल्यावर त्याच्या खांद्यावर हात टाकून गेले. एक जण उठला नाही.

तो शेजारच्या गावातला चित्रकलेचा मास्तर होता. बॉल काखेत घेऊन येताना त्याचा पाय जरासा सरकला, डोकं खाली आलं आणि कपाटाचा खांदा थेट त्याच्या कानशिलावर बसला. आवाज मोठा नव्हता, पण मैदानावरचे सगळे जागच्या जागी थांबले. मास्तरला स्ट्रेचरवरून नेलं. रेफरीने लाल कार्ड दाखवलं, पुढे काही सामन्यांची बंदी आली. टॅकल छातीच्या खालीच हवी हा नियम आता सगळीकडे लागू झाला होता, आणि त्याला तो ठाऊकही होता. बंदीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

मास्तरला दवाखान्यातून घरी आणल्याचं कळलं तसा तो भेटायला गेला. मास्तरच्या बायकोने दार उघडलं. आपण कोण ते त्याने सांगितलं. तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, त्याला बराच वेळ लागला, आणि ती बाजूला झाली.

खोलीत पडदे ओढलेले होते. मास्तर काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता.

"तुम्हीच का ते?" तो म्हणाला. "बरं झालं आलात. मला काहीच आठवत नाही हो. कसं झालं, सांगा ना."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि त्याने सांगितलं. बॉल तुमच्याकडे आला. तुम्ही डावीकडून निघालात. तुमचा पाय सरकला, डोकं खाली आलं. मी उभाच होतो. माझा खांदा लागला. मी वाकायला हवं होतं.

मास्तर एखादी गोष्ट ऐकावी तसं ऐकत होता.

"म्हणजे बॉल माझ्याकडे होता," तो म्हणाला. त्याला तेवढ्याने बरं वाटलेलं दिसलं.

मग थोडं इकडचं तिकडचं झालं. उजेड सोसत नाही, मुलांचा गलका तर नकोच वाटतो, वर्गावर कधी जाता येईल कुणास ठाऊक. बायकोने पाणी आणून दिलं. पेला अर्धा झाला असेल, तेवढ्यात मास्तर पुन्हा त्याच्याकडे वळला.

"पण कसं झालं ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

दारात उभी असलेली बायको जमिनीकडे बघायला लागली. त्याने पेला खाली ठेवला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, तेच शब्द, त्याच क्रमाने. 

त्याच संध्याकाळी त्याने मेहुणीला फोन केला. ती बायकोची धाकटी बहीण. पोटासाठी गाडी चालवायला शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी क्लबाच्या संघाला शिकवायची. दोन्हीकडे तिचा आवाज एकच.

"मला वाकायला शिकव," तो म्हणाला.

 ती म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही आता थांबायला हवं. पण तुम्हाला बसवलं तर संघाचे पंधरा कसेबसे भरतात, बदलीला कुणी उरत नाही."

तेव्हापासून गालिचा अंगणात आला. बंदीच्या काळात ती रोज कामावरून येताना थांबायची. आधी खुर्चीवर बसवून उठवलं, मग भिंतीला पाठ लावून खाली सरकायला लावलं, मग चालत, मग धावत. "नजर त्याच्या कमरेवर. छातीकडे बघितलंत की छातीवरच जाणार," ती सांगायची. महिना सरत आला तशी त्याला एक युक्ती सापडली. डावा पाय पुढे टाकून आधीच तयारीत राहिलं, तर खांदा रेघेच्या खाली जात होता. अचानक कुणी आलं, तर मात्र नाही. हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. 

मोसमातला शेवटचा सामना आला. वरच्या गटात टिकायचं तर जिंकणं भाग होतं. बदली खेळाडू एकच होता, तोही मध्यंतराच्या आधी हात गळ्यात बांधून बाकावर जाऊन बसला.

समोरच्या संघात एक बुटका पोरगा होता. पायांत वारं भरल्यासारखा पळायचा आणि पायांपेक्षा त्याची जीभ जास्त पळायची.

"काका, बिजागऱ्यांना तेल घाला जरा!" तो जाता येता ओरडत होता. "कपाट हलवायला माणसं बोलवू का?"

कपाटाने मनावर घेतलं नाही. पूर्वार्धात त्याने डावा पाय पुढे टाकून त्यांच्या दोन धिप्पाड गड्यांना मांड्यांशी धरून खाली आणलं. दुसऱ्या वेळी रेफरीने धावता धावता मान डोलावली. कडेला उभी असलेली मेहुणी टाळ्या वाजवत होती. एवढा आनंद त्याला तरुणपणी जिंकलेल्या सामन्यांतही झाला नव्हता.

उत्तरार्धात गुडघा सुजला. पट्टी आवळली की दुखायचा, सैल केली की डगमगायचा. तो बाहेर गेला नाही. जाणार कुणाच्या भरवशावर? सामना संपत आला तेव्हा त्याचा संघ चार गुणांनी पुढे होता, आणि शेवटच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की पाच गुण मिळतात.

शेवटी बॉल त्या बुटक्याच्या हातात पडला. त्याने दोघांना चकवलं, तिसऱ्याचा हात झटकला आणि मैदानाच्या कडेने सुटला. त्याच्या आणि शेवटच्या रेषेच्या मधे फक्त कपाट उरलं होतं. दिवसभर तोंड चालवणारा पोरगा आता तोंड मिटून, डोकं खाली घालून, गोऱ्ह्यासारखा सरळ त्याच्या अंगावर येत होता.

त्याने पोराच्या कमरेवर नजर ठेवली. वाकायला गेला. पाठ वाकली, गुडघा मात्र जागच्या जागी अडकला.

असाच उभा राहिलो, तर पोरगा थांबेल. एवढं नक्की होतं. त्याचा खांदा आणि त्या पोराचं डोकं एकाच उंचीवर होतं.

"भाऊजी, अंगावर घ्या!" कडेवरून मेहुणीचा आवाज आला. गळ्याच्या शिरा ताणून ओरडलेला, फाटलेला आवाज. "सोडू नका! पाडा त्याला!"

त्याने अंग वळवलं. एक पाऊल बाजूला झाला आणि हात लांब केला. बोटांना जर्सीचं कापड लागलं आणि निसटलं. पोरगा त्याच्या बगलेजवळून गेला आणि रेषेपलीकडे बॉल टेकवून तिथेच गवतावर लोळायला लागला.

कप्तान धापा टाकत आला. तो गावातला न्हावी, आणि कपाटाचा जुना दोस्त.

"काय झालं रे? समोर होता तुझ्या!"

"घसरलो."

न्हाव्याने खाली बघितलं. कितीतरी दिवस पाण्याचा थेंब पडला नव्हता, माती विटेसारखी कडक होती. त्याने मित्राच्या तोंडाकडे एकदा बघितलं, थुंकला आणि चालायला लागला. लगेच शिट्टी झाली.

हात मिळवायला दोन्ही संघ रांगेत आले. आपल्या संघातली काही पोरं कपाटाशी नजर मिळवत नव्हती. बुटका आला तो नाचतच आला.

"काय काका! शेवटी कपाटाचं दार उघडलंच की!"

आजूबाजूचे हसले. कपाटही हसलं. त्याची नजर पोराच्या कानशिलाकडे गेली. बारीक कापलेले केस घामाने चिकटले होते आणि त्यांच्याखाली एक शीर टकटक उडत होती.

"चांगला पळतोस," तो म्हणाला. "पण डोकं वर ठेवून पळत जा."

"डोकं वर ठेवलं तर तुम्ही दिसता ना!" पोरगा म्हणाला आणि पुढच्याचा हात धरायला गेला.

परतताना मेहुणी गाडी चालवत होती आणि तो शेजारी बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून. बाकीची पोरं दुसऱ्या गाडीतून गेली होती. ह्या गाडीत यायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं. 

"पुढच्या मोसमात खालच्या गटात," ती म्हणाली.

"हं. माझं नाव धरू नकोस. गुडघा संपला."

"मग येणारच नाही?"

"येईन ना. झेंडे लावीन, बाटल्या भरीन. तुझ्या बहिणीसमोर सुट्टीचा अख्खा दिवस घरात बसून काढू की काय?"

ती हसली, पण हसू लवकर विरलं. पुढे सिग्नल लाल होता. तिने गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"भाऊजी, तुम्ही घसरला नव्हतात."

तो पिशवीतला बर्फ सारखा करत राहिला.

"मी तिथे काहीतरी ओरडले," ती समोर बघत म्हणाली. "ऐकू आलं तुम्हाला?"

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर रस्त्याकडेला झाडांची रांग होती आणि एकाही झाडाचं पान हलत नव्हतं.

"नाही गं," तो म्हणाला. "वारा केवढा होता तिथे."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी ती काही क्षण तशीच बसून राहिली. मग तिने गाडी गिअरमध्ये टाकली.

"हो," ती म्हणाली. "वारा होता खरा."