सेनापतीचा डगला

मुलांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा पाहू. अरुंद, बिनखिडकीची, म्हणून भर दुपारीही दिवा लावलेला. कोपऱ्यात शिवणयंत्र, पायाखाली चिंध्या. त्या चिंध्यांमध्ये निळ्या मखमलीचा डगला घालून एक मुलगी उभी आहे. घरात तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि उगाच म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी शाळेत नाटक होतं. ठिणगी त्यात सेनापती. बाईंनी बजावून ठेवलं होतं, "ज्याचा पोशाख तयार नसेल, त्याने मागे झाड होऊन उभं राहायचं." सगळे संवाद तोंडपाठ असलेल्या ठिणगीला झाड व्हायचं नव्हतं.

डगला आत्याने शिवला होता. दिव्याखाली तो झकास दिसत होता. ठिणगी मिरवत बाहेर पायरीवर गेली, उन्हात उभी राहिली, आणि समोर पंक्चर काढत बसलेला सायकलवाला खो खो हसत सुटला.

"काय गं सेनापती, डगला अर्धाच धुतलास का?"

"काय झालं हसायला?"

त्याने सायकलीचा एक आरसा तिच्यापुढे धरला. डगल्याची एक बाजू लखलखीत निळी होती. दुसरी जवळजवळ काळी.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्या! तू दोन रंगांचं कापड वापरलंस!"

आत्या बाहेर आली. तिने उजळ बाजूवरून वरून खाली हात फिरवला. गुळगुळीत. काळ्या बाजूवरून फिरवला. खरखरीत. तिचा चेहरा पडला.

"कापड एकच आहे गं. मीच उलटं बेतलं."

मखमलीला बारीक लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी. ती एकाच दिशेने झोपते, म्हणून सगळे तुकडे त्याच दिशेने कापावे लागतात, नाहीतर उलटा तुकडा उन्हात काळपट दिसतो. पण आत्याचा जन्म शाळेचे सुती गणवेश शिवण्यात गेलेला. तिथे कापड वाचावं म्हणून एक तुकडा सरळ, तर दुसरा उलटा बेततात. हात सवयीने चालला आणि घात झाला.

"मग नवीन कापड आण!"

आत्याने कापडवाल्याला फोन लावला, दोन वाक्यं ऐकली आणि फोन टेबलावर आदळला. "तागा संपला म्हणे."

मग ठिणगीने जे तोंड सोडलं! "तुला एक काम धड येत नाही! मी एवढे दिवस पाठ केलं ते कशाला? झाड व्हायला?" तिने कापडावर खुणा करायच्या खडूंचा डबा लाथेने उडवला.

"हो, उडव!" आत्याही ओरडली. "अजून एक डबा आहे, तोही उडव! तुला काय वाटतं, मला राग आला नाही? इतकी वर्षं कात्री धरतेय आणि घरच्याच पोरीच्या कापडावर माती खाल्ली!"

"मग माझी समजूत तरी घाल!"

"नाही घालत. समजूत घातली म्हणून ती लव काही सुलटी होणार नाही. कात्री तिथे आहे. फाडायचा असेल तर फाड. माझं डोकं चालेनासं झालंय." आत्या यंत्राकडे तोंड करून बसली.

ठिणगीने डगला काढून टेबलावर टाकला आणि खरंच कात्री उचलली. डोळ्यांत पाणी, दात एकमेकांवर घट्ट. कुठून फाडावा? ती बघत राहिली. उजळ बाजूवर उजळ खिसा, काळ्या बाजूवर काळा खिसा. खांद्यांवरच्या पट्ट्याही तशाच. जणू कुणीतरी चूक नीट आवरून दोन ढिगांत मांडली होती. ते बघून तिला आणखीनच राग आला.

कच्. टाका तुटला. आत्याची पाठ दचकली, पण ती वळली नाही. कच्, कच्. एक खिसा निघाला, मग दुसरा. मग दोन्ही पट्ट्या.

ठिणगीने बाहीने नाक पुसलं. काळा खिसा उजळ बाजूवर ठेवला, उजळ खिसा काळ्या बाजूवर. पट्ट्यांचीही तशीच अदलाबदल केली. आता डगला मुद्दामच दोन रंगांत शिवल्यासारखा दिसू लागला. मग काही घसरू न देता अख्खा डगला दोन्ही हातांवर आडवा पेलून बाहेर उन्हात नेला आणि सायकलवाल्याला दरडावलं, "आता हसून दाखव!"

तो हसला नाही. मान तिरकी करून बघत राहिला.

ठिणगी आत आली. रागाने फुरफुरतच टाचण्यांची डबी शोधली आणि पहिला खिसा टाचायला बसली.