शपथेवर नाकारलेली वाट

मी वाट बोलतेय. बोर्लीजवळच्या एका सुपारीच्या वाडीतून डांबरी रस्त्यापासून समुद्रापर्यंत जाणारी. मला कुणी बांधलं नाही. डोक्यावर सुपारीचे घड घेऊन जाणाऱ्यांच्या पायांनी मी पडले.

पुढे वाडीच्या वाटण्या झाल्या. रस्त्याकडची बाजू मार्तंडला, समुद्राकडची त्याच्या थोरल्या भावाला, दिनानाथला. मी दोघांचीही होते. पण मार्तंडला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्याने रस्त्याच्या तोंडाशी फाटक बसवून कुलूप घातलं.

दिनानाथने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. समन्स निघालं. मार्तंडने कैफियतीत शपथेवर लिहून दिलं, की या वाडीत वाट कधी नव्हतीच. त्या कागदावर सही करायला तो माझ्याच अंगावरून चालत गेला. तेव्हापासून मी त्याच्यावर डूख धरून आहे.

मुद्दे निघाले, साक्षी सुरू झाल्या, तारखांवर तारखा पडल्या. मधेच दिनानाथच्या छातीत कळ आली. हाका मारूनही मार्तंडने फाटक उघडलं नाही. त्याला खुर्चीत बसवून किनाऱ्याने, भरतीच्या पाण्यातून न्यावं लागलं; दवाखान्यापर्यंत तो पोचलाच नाही.

वारस म्हणून सुचित्राने, त्याच्या बायकोने, दावा पुढे चालवला. कोर्ट कमिशनर पाहणीला येणार म्हणताच मार्तंडने आपल्या बाजूला मला नांगरून वर केळी लावल्या. कमिशनरला फाटकापाशी वाटेची खूणही दिसली नाही आणि दावा फेटाळला गेला.

अपील कर, सगळे म्हणाले. सुचित्राने फक्त निकालाची नक्कल घेतली. मार्तंडने खोल्या बांधल्या. पहिले पाहुणे उतरले त्या दिवशी तिने आपल्या हद्दीत माझ्यावर आडवी काटेरी तार ओढली. पाहुण्यांना समोर समुद्र दिसायचा, पण जाता येईना.

मार्तंड वकिलाकडे धावला. वकील म्हणाले, "वाट नाही असं तुम्हीच शपथेवर सांगितलंत. आता कुठल्या तोंडाने मागायची?"

शेवटी तो तारेपाशी आला. "वहिनी, मी फाटक काढतो, तुम्ही तार काढा. तुमचेही हाल संपतील."

सुचित्रा नुकतीच वाळूतून बाजार घेऊन आली होती. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "भावोजी, ह्यांना नेलं त्या दिवशी चावी घरातच होती ना?"

मार्तंड मागे वळून फाटकाकडे बघू लागला.

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि गुडघे धरत आत गेली.

तिने हो म्हटलं असतं तर मी पुन्हा नांदती झाले असते. तरी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याच्या खोल्या रिकाम्या आहेत आणि माझ्यावर गवत माजलंय. दया येऊन ते कुणी काढू नका. मार्तंड आहे तोवर मला असंच पडू द्या.