शेजारच्या वायफायची यादी

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. पण त्याला विचाराल तर तो म्हणेल, लिफ्ट हा पोटापुरता धंदा, खरं काम वेगळंच. खरं काम म्हणजे जगाला शहाणं करणं. लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीच्या एका ऑनलाइन चर्चामंचावर तो चौदा वर्षं लोकांचे अडलेले कॉम्प्युटर चालू करून देतोय, तेही फुकट. तिथे त्याचं नाव कुलूपदादा. कारण कोणी बिचारा प्रिंटर चालत नाही म्हणून विचारायला आला, तरी हा आधी त्याला ब्राउझरला कुलपं कशी लावायची ते शिकवणार. आतापर्यंत चार हजारांवर उत्तरं दिलीत म्हणे, म्हणून नावापुढे सोनेरी तारा येतो. त्या ताऱ्याचं कौतुक मी लग्नाआधीपासून ऐकतेय आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

माझा नवराही त्याच मंचावरचा. दादाचा पट्टशिष्य. दोन वर्षं रोज काहीबाही विचारायचा, मग घरी येऊ लागला, मग दादानेच त्याचं स्थळ माझ्यासाठी पुढे केलं. जो माणूस आपला कॉम्प्युटर आपल्या हाताने मांडतो तो जबाबदार असतो, हे दादाचं निदान. जबाबदार तर तो होताच. सहा वर्षं माझ्या फोनची, मेलची, मी कुठे जाते आणि कधी येते याची सगळी जबाबदारी त्याने एकट्याने वाहिली. मला माझाच पासवर्ड त्याला विचारावा लागायचा.

मी घर सोडलं तेव्हा त्याने ना आरडाओरडा केला, ना हात उगारला. त्याने फक्त माझं ऑफिस शोधून काढलं आणि रोज संध्याकाळी फाटकासमोर येऊन उभा राहायला लागला. वॉचमनला नमस्कार करायचा. माझ्याकडे बघायचा, एक शब्द बोलायचा नाही. दोन महिने. पोलीस म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही. शेवटी ऑफिसनेच मला गोड बोलून घरी बसवलं, कारण बाकीच्या बायकांना त्याची भीती वाटायला लागली होती. मला वाटत होती त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

तोपर्यंत दादाची बदली दुसऱ्या शहरात झाली होती आणि नवं घर माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. मी तिथे आले. कोर्टाचा मनाई आदेश हातात पडेपर्यंत त्याला माझा पत्ता कळता कामा नये, वकीलबाईंनी हे मला तीनदा बजावलं होतं. मला दुसरं काही नको होतं. नवी साडी नको, सहानुभूती नको, फक्त तो पत्ता त्याच्या हाती लागू नये.

दादाला तर चेवच चढला. आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध लोकांना कुलपं लावायला शिकवलं तो शत्रू शेवटी घरात शिरायच्या बेतात होता. माझा जुना फोन त्याने खोलून बाजूला ठेवला, नवं सिमकार्ड वहिनीच्या नावाने घेतलं, नवा मेल काढला. एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून दिलं, कॅमेऱ्यावर काळी पट्टी चिकटवली. ब्राउझर असा मांडला की बंद केला की सगळं विसरायचा. मी सकाळी कामाच्या साइटवर शिरायचे, चहाला उठायचे, परत यायचे तर ती साइट मला ओळखत नसायची. दिवसातून आठ वेळा मी कोण आहे हे सिद्ध करायचं. माझ्या कपाळावर आठी दिसली की दादा म्हणायचा, त्रास होतोय म्हणजे नीट चाललंय.

मी व्याख्यानांना उपशीर्षकं लावायचं काम घेतलं होतं. ऐकायचं, टंकायचं, वेळ जुळवायची, फाइल वर चढवायची. ठरल्या वेळेत तीनदा फाइल पोचली नाही तर काम काढून घेतात. दोनदा झालं होतं. कारण त्या लॅपटॉपचं वायफाय दर वीस-पंचवीस मिनिटांनी पडायचं. फाइल अर्धी चढायची आणि गाडी तिथेच बसायची.

वहिनी म्हणाली की बाजारातून छोटं वायफायचं यंत्र आणा आणि खोचा, प्रश्न मिटला. वहिनी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते, तिला भांडी फुटली की नवी आणायची सवय आहे. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यंत्र आणलं म्हणजे हार मानली, आणि कुलूपदादा एका वायफायपुढे हार मानणार? चार दिवस तो लॅपटॉपला चिकटून बसला. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पळायची आणि हा हुंकार भरायचा. पाचव्या दिवशी मी त्याला तोडून टाकणारं बोलले. म्हणाले, तुला तुझी हुशारी दाखवायची आहे आणि माझं काम जातंय, तुझ्याने होत नसेल तर ज्याला येतं त्याला विचार.

ते मी म्हणाले. हे मी लपवणार नाही.

त्याने विचारलं. मंचावरच विचारलं, दुसरं कुठे विचारणार? आणि दोन दिवसांत वायफाय सुधारलं. कार्ड आपली वीज वाचवायला मधूनच झोपी जात होतं, त्याचं झोपणं एका ओळीत बंद केलं की झालं. तीन दिवस एकदाही पडलं नाही. माझ्या सगळ्या फाइली वेळेत चढल्या. मी इतकी खूश झाले की दुपारी दादा जेवायला घरी आला तेव्हा स्वतःहून म्हटलं, ज्याने सांगितलं त्याचे आभार मानू दे, दाखव तरी काय लिहिलंय.

दादाला तेवढंच हवं होतं. ताट बाजूला सारून त्याने पान उघडलं. त्याचा प्रश्न वर होता, खाली सहा-सात लोकांची उत्तरं, आणि त्यात 'नवशिक्या' नावाचा एक जण पुन्हा पुन्हा. पोरगं नवीन आहे, महिनाभरापूर्वी आलंय, पण डोकं बघ कसं चालतं, असं म्हणत दादा बोटाने ओळी दाखवत होता.

नवशिक्याने आधी लॉग, म्हणजे लॅपटॉप स्वतःच ठेवतो ती नोंदवही, मागितला होता. दादाने दिला. पण कुलूपदादाच तो, यंत्राचे सगळे आकडे फुल्या मारून झाकले होते, आमच्या वायफायचं नावसुद्धा झाकलं होतं. त्याचं त्याला फार कौतुक होतं. मग नवशिक्याने लिहिलं होतं की आजूबाजूच्या वायफायची गर्दी असेल तरी असं होतं, जवळपास पकडता येणाऱ्या सगळ्या नेटवर्कची यादी टाका म्हणजे कोणती वाट मोकळी आहे ते बघता येईल.

दादाने यादी टाकली होती. एकोणीस नावं. आकडे झाकलेले, नावं उघडी.

तिसरं नाव खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याचं होतं, पूर्ण, डॉक्टरांच्या आडनावासकट. सातवं समोरच्या व्यायामशाळेचं. अकरावं कोपऱ्यावरच्या पाळणाघराचं.

मी विचारलं, ही नावं का नाही झाकलीस. तो म्हणाला, त्यात काय झाकायचं, ती नावं तर हवेत उघडीच फिरतात, रस्त्यावरच्या कोणालाही दिसतात. मी म्हटलं, रस्त्यावरच्या. आणि त्याच्या हातून लॅपटॉप ओढून घेतला. शोधायच्या चौकटीत दवाखान्याचं नाव आणि व्यायामशाळेचं नाव लिहिलं. नकाशा आला, त्यावर टाचणी आली. आमची गल्ली, आमच्या घराचं छप्पर. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

दादाने टाचणीकडे बघितलं. मग म्हणाला, पण शोधेल कोण? हजारो लोक रोज याद्या टाकतात. मी त्याचं ऐकत नव्हते. मी पानाच्या तळाशी गेले होते. शेवटचा निरोप दोन दिवसांपूर्वीचा होता, नवशिक्याचाच.

"चाललं ना? छान. तिला सांगा, आता तिचं काम अडणार नाही."

त्याखाली दादाचं उत्तर होतं. "धन्यवाद मित्रा. हो, सांगतो तिला."

मी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. दादाने कुठेही लिहिलं नव्हतं की लॅपटॉप बहिणीचा आहे, बाईचा आहे, कोणी त्यावर काम करतं. एक जुना लॅपटॉप, एवढंच लिहिलं होतं. मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली आणि नवशिक्याच्या 'तिला' या शब्दावर बोट ठेवलं. त्याला कळायला वेळ लागला. त्याचा चेहरा उतरत गेला, तो मी शेवटपर्यंत बघितला. मला त्याची दया आली नाही.

 माझ्या नवऱ्याने मला शोधायला काय केलं असेल? काहीच नाही. मंचावर नवं नाव घेतलं आणि वाट बघत बसला. त्याला पक्कं ठाऊक होतं की बहिणीचा फोन बदलेल, मेल बदलेल, सिमकार्ड बदलेल, पण कुलूपदादा काही बदलणार नाही. चौदा वर्षांचं नाव, चार हजार उत्तरं, सोनेरी तारा. तो रोज सकाळी तिथे येणार म्हणजे येणारच.

वहिनी स्वयंपाकघरातून आली, काय झालं ते तिने आमच्या तोंडांवरून ओळखलं आणि माझी बॅग कपाटावरून खाली काढली.

दादा तेवढ्यात भराभर बोलायला लागला. तो पान काढून टाकायला सांगेल, मंचाच्या चालकांना लिहील, एका दिवसानंतर स्वतःला बदल करता येत नाही पण त्याच्या शब्दाला तिथे मान आहे. वायफायचं नाव बदलतो. दाराला दुसरं कुलूप आणतो. मी बॅग भरत होते आणि तो माझ्यामागे खोलीभर फिरत उपाय सांगत होता. मी वळले.

"दादा, ते खातं बंद कर."

"कोणतं?"

"कुलूपदादाचं. आत्ता. माझ्यासमोर."

 तो म्हणाला, "त्याने आता काय होणार? तो तर पोचला."

"काही होणार नाही. तरी कर."

तो खुर्चीवर बसला. पान उघडलं, आतल्या पानाच्या आतलं पान उघडलं. खातं कायमचं बंद करा, असं तांबड्या अक्षरांत लिहिलेलं बटण आलं. खाली लिहिलं होतं की आपली सर्व उत्तरं निनावी होतील. त्याचं बोट बटणापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. मी मनात मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले. बाहेर पाळणाघरातली पोरं ओरडत होती. दादा मान खाली घालून म्हणाला, "यातल्या कितीतरी लोकांना अजून माझी उत्तरं लागतात गं."

  मी बॅगेची चेन लावली, लॅपटॉप त्याच्याच टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या. वहिनी पर्स घेऊन माझ्याबरोबर निघाली. तिच्या एका मैत्रिणीचं घर होतं, कुठे ते तिने फक्त माझ्या कानात सांगितलं होतं.

दादा जिन्यापर्यंत आला. "निदान पोचल्यावर पत्ता तरी कळव," म्हणाला.

"नाही दादा," मी म्हटलं. "ज्यांना पत्ता सांगायचा नाही, त्या यादीत आता तूही आहेस."

तो तिथेच उभा राहिला. आम्ही लिफ्टची वाट न बघता पायऱ्यांनी उतरलो आणि दातांच्या दवाखान्यावरून मागच्या दाराने बाहेर पडलो.