मागचा डावा दिवा

“दिव्याशी भांडू नकोस, योरुन. दिवा बिचारा सगळ्यात शेवटी उभा असतो. तू वायरीच्या मागे चाल, हरवलेल्या मेंढीच्या मागे चालतेस तशी.”

हालवरचा हा आवाज पस्तीस वर्षांपूर्वीचा. गाडी तेव्हा नवी होती आणि तो तिच्याखाली उताणा पडला होता. बाहेर नुसते दोन बूट दिसत होते, जणू बूटच शहाणपण सांगताहेत. आता तो डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसतो आणि कुणाशीच बोलत नाही. आवाज तेवढा मागे राहिला, त्याच्या बायकोच्या, योरुनच्या कानात.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. गाडीच्या तपासणीची मुदत आज संपत होती आणि खाली गावातलं तपासणीचं वर्कशॉप चारला बंद व्हायचं. डिसेंबरात सायलेन्सर सडका आणि ब्रेक कमजोर म्हणून गाडी नापास झाली होती. ती दोन्ही कामं योरुननं करून घेतली. आता उरली फक्त फेरतपासणी, असं म्हणतेय तोवर काल संध्याकाळी घाटात दुधाच्या टँकरवाल्यानं मागून दिवे मिचकावून तिला थांबवलं.

“मावशी, तुमचा मागचा डावा दिवा मेलाय,” तो म्हणाला. “मला वाटलं, एवढ्या थंडीत मोटरसायकल कुणी काढली.”

मेलेल्या दिव्याची गाडी पास करत नाहीत. पास नाही, तर उद्यापासून ती अंगणाबाहेर काढायची नाही. डोंगरावरून बस जाते मंगळवारी आणि शुक्रवारी. हालवरला भूक रोज लागते.

आणि हालवर जेवतो तो तिच्याच हातून. पानगळीत त्याला तिकडे ठेवलं तेव्हा त्यानं तोंडच मिटून घेतलं होतं. परिचारिकेनं चमचा पुढे केला की मान भिंतीकडे. मग एका संध्याकाळी योरुन थर्मासमध्ये तांदळाची लापशी घेऊन गेली, वर दालचिनी भुरभुरली, आणि काय सुचलं कोण जाणे, डोंगरावरच्या शेळ्यांना हाक घालताना म्हणायची तेच हळू म्हणाली:

ये गं काळे, ये गं गोरे, उतर बाई माळ,
ऊन चढलं शेंड्यावर, झाली संध्याकाळ.
तळहाती मीठ माझ्या, उघडं आहे दार,
तुझ्यावाचून मोजणी माझी होईना गं पार.

हालवरनं तोंड उघडलं. तेव्हापासून ती रोज जाते, घाट चढून, घाट उतरून. दुपारी तिथल्या बायका दोन घास घालतात म्हणे. पण त्याच्या अंगावर मांस टिकून आहे ते आपल्या वाडग्यावर, हे योरुनचं पक्कं होतं. या एका खुंटीवर तिनं सगळा हिवाळा टांगला होता.

सकाळी उठल्या उठल्या तिनं दिराला बोलावलं. ओस्मुंड पलीकडच्याच घरात राहायचा, एकटा. डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याचं लायसन काढून घेतलं होतं, म्हणून वहिनीला घाटापलीकडे नेणं त्याच्या हाती नव्हतं. हात मात्र कामाचे होते. तो पक्कड, टेप आणि कॉफीचा थर्मास घेऊन आला, उशिराच आला.

“दहा म्हटलं होतं मी. साडेअकरा झाले.”

“कोंबड्यांचं पाणी गोठलं होतं, वहिनी.”

“तुझ्या कोंबड्या गेल्या वर्षी कोल्ह्यानं नेल्या.”

ओस्मुंडनं टोपी कानांवर ओढली. “मग बल्ब बघू आधी.”

बल्ब काढला. तार शाबूत होती. तरी योरुननं तो उजवीकडच्या दिव्यात लावून पाहिला, आणि तिकडे तो छान पेटला. उजवीकडचा डावीकडे आणला, तर विझला. म्हणजे बल्बचा दोष नाही.

“फ्यूज,” ओस्मुंड म्हणाला.

“पुढचा डावा छोटा दिवा त्याच फ्यूजवर आहे. तो जळतोय.”

“तरी बघू.”

त्यानं एकेक फ्यूज काढला, पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा बसवला. गेल्या उन्हाळ्यात बोट दुरुस्त करताना हा माणूस तिला घाई घाई करून नकोसं करून सोडत होता. आज त्याला जगातला सगळा वेळ होता. घड्याळात साडेबारा झाले.

“अर्थिंग गेलं असणार,” तो म्हणाला. “बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ खातं त्याला. सगळं सोडवून घासावं लागेल.”

तो सँडपेपर घेऊन बसला. योरुननं पाऊण तास टॉर्च धरली. बोटं बधिर झाली, ती तिनं काखेत घातली, पुन्हा टॉर्च धरली. मनात ती गाडी घेऊन तीनदा गावात जाऊन आली होती आणि तीनदा तिथलं शटर बंद होतं. संध्याकाळी सहाला हालवर दाराकडे बघेल. सातला बघेल. उद्या बघेल. बोलत नाही म्हणून माणूस वाट पाहत नाही असं थोडंच आहे.

अर्थिंगचा पत्रा आरशासारखा झाला. दिवा मेलेला तो मेलेलाच.

“वहिनी, मला वाटतं हे काही आपल्या हातचं नाही. वर्कशॉपवाल्याला पुढच्या महिन्यात दाखवू.”

“पुढच्या महिन्यात?”

“पंधरा दिवसांचा तर प्रश्न.”

“पंधरा दिवस तू जेवू नकोस, मग बोल.”

ओस्मुंडनं कॉफी ओतली आणि तिच्याकडे न बघता कप पुढे केला. तिनं घेतला नाही. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि तेव्हा तिला ते दिसलं, मघापासून समोर होतं तरी.

“ब्रेक दाब बरं.”

“कशाला?”

“दाब म्हणते ना.”

त्यानं पुढे बसून पाय दाबला. डाव्या दिव्याच्या डब्यातला ब्रेकचा दिवा लालभडक पेटला. त्याच डब्यात, त्याच अर्थिंगवर. अर्थिंग गेलं असतं तर हाही विझला असता.

“पाऊण तास आपण धडधाकट जागा घासत बसलो,” योरुन म्हणाली. “तुला हे कळत नाही, ओस्मुंड? चाळीस वर्षं ट्रॅक्टर उघडलेस तू.”

“म्हातारा झालो.”

ती वायरीच्या मागे निघाली. हालवरच्या हत्यारांच्या डब्यात चाचणीचा छोटा दिवा होता, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई. चिमटा तिनं पत्र्याला लावला आणि सुई होल्डरच्या तोंडाशी टेकवली. काहीच नाही. मागची सीट उपटून काढली. खाली वायरींचा जुडगा होता. त्यातल्या करड्या वायरीत तिनं सुई खुपसली आणि हातातला दिवा पेटला. वीज इथवर येते. होल्डरपर्यंत पोचत नाही. मध्ये उरला हातभर रस्ता, चाकावरच्या आतल्या अस्तरामागचा.

तिनं अस्तराला हात घातला.

“ते राहू दे,” ओस्मुंड म्हणाला. “क्लिपा मोडतील. जुन्या मिळत नाहीत.”

“मोडू देत.”

“हालवरनं स्वतः बसवलंय ते.”

“हालवरला जेवायचंय.”

तिनं जोर लावून ओढलं आणि तोल जाऊन मागे पडता पडता राहिली, कारण अस्तर नुसतं टेकवलेलं होतं. एकही क्लिप जागेवर नव्हती. आत टॉर्च मारली. करडी वायर दोन तुकड्यांत होती. टोकं बोटभर लांब, एकमेकांना पाठमोरी वळवलेली.

सडलेली तार हिरवी पडते. मिठानं ती भुगा होते, बोटात चुरते. ही टोकं सरळ कापलेली होती आणि तांबं नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

गुडघ्यांवर बसल्या बसल्या योरुननं मागे हात केला. ओस्मुंडनं न सांगता त्यात पक्कड ठेवली. तिनं रबर सोललं, टोकांना पीळ दिला, टेप गुंडाळली. मग किल्ली फिरवली. मागच्या बर्फावर दोन लाल डाग पडले, उजवा आणि डावा, सारखे. सकाळपासून याच एका उजेडासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. आता तो दिसला, तशी ती उतरली आणि पक्कड ओस्मुंडच्या हातात परत दिली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. गाव वीस मिनिटांवर.

“केव्हा कापलीस?” तिनं विचारलं.

“परवा.”

“जानेवारीत घाटात माझी गाडी घसरली म्हणून?”

“तळं चार हातांवर होतं. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं मला. तू सांगितलं नाहीस.” तो आपल्या पायांकडे बघत बोलत होता. “मंगळवारी जा, शुक्रवारी जा. बसनं जा. मी येतो सोबत. पण रोज त्या घाटात नाही, वहिनी. काळोखात नाही.”

“आणि बाकीचे पाच दिवस त्यानं काय खायचं?”

ओस्मुंडनं टेपचं रीळ खिशात घातलं.

“सख्खा भाऊ आहे तुझा. मला घरात ठेवायला तू त्याच्या तोंडातला घास कापलास. तेही चोरून. आणि वर दिवसभर टॉर्च धरायला लावलीस मला.”

ती गाडीत बसली. दार ओढलं, पण ते लागलं नाही. ओस्मुंडचा हात मध्ये होता, हातमोज्याशिवाय, ग्रीसनं काळा झालेला.

“हात काढ. चार वाजतील.”

“वादळात रस्ता बंद होता, ते पाच दिवस,” तो म्हणाला.

“त्या पाच दिवसांचं नाव काढू नकोस. मी अंथरुणाला पाठ लावली नव्हती.”

“माहीत आहे. तुझ्या खिडकीत दिवा असायचा. तिसऱ्या दिवशी मला बघवेना, म्हणून मी वृद्धाश्रमात फोन केला.” त्यानं दुसऱ्या हातानं तोंड पुसलं. “तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही घरचे, तुम्हीच हळूच सांगा त्यांना, आमच्यानं धीर होत नाही. रोज दार उघडताना तुझा चेहरा बघतात ना त्या. मी हो म्हटलं. आज सहा आठवडे झाले. दोनदा तुझ्या पायरीपर्यंत येऊन गेलो.”

“काय सांगायचं होतं?”

इंजिन चालू होतं. ओस्मुंडनं पहिल्यांदाच मान वर केली.

“तो जेवतो, वहिनी. नोव्हेंबरापासून जेवतो, कुणीही भरवलं तरी. तू पोचतेस त्याआधीच त्याचं जेवण झालेलं असतं.”