जेवणानंतरच्या अठरा गोळ्या

पेशंट बरा होऊन जावो की वर जावो, त्याची फाईल शेवटी रेकॉर्ड रूममध्ये माझ्याच टेबलावर यायची. रोगांच्या आकड्यांचं एक जाड पुस्तक होतं. त्यात पाहून प्रत्येक फाईलवर आकडा घालायचा, हे माझं काम. औषधाच्या विषबाधेला दोन आकडे लागत. पहिला कशानं झाली त्याचा, दुसरा कशी झाली त्याचा. झोप आणणाऱ्या गोळ्या असल्या तर पहिला ९६७. दुसरा मात्र विचार करून द्यायचा: चुकून खाल्ल्या तर ई-८५१, जीव द्यायला खाल्ल्या तर ई-९५०, आणि कोणालाच ठाऊक नसेल तर ई-९८०. चित्रगुप्ताकडे एवढी सोय नसावी. तो बिचारा पाप आणि पुण्य दोनच रकान्यांत भागवतो.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात जयवंता नावाच्या बाईची फाईल आली. वय चोवीस, राहणार नंदनवन, प्राथमिक शाळेत मास्तरीण. मिरगीच्या, झोप आणणाऱ्या अठरा गोळ्या एकदम खाल्ल्या, दोन दिवस बेशुद्ध, पाचव्या दिवशी घरी. कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरनं लिहून टाकलं होतं, आत्महत्येचा प्रयत्न. आधार काय, तर सासू रंभाबाई रडत म्हणाली होती, सकाळी पुरण पातळ झालं म्हणून मी तिले बोलली. पातळ पुरणापायी बायका जीव द्यायला लागल्या, तर दसऱ्याला अर्ध्या धरमपेठेत वाढायला कोणी उरणार नाही.

ई-९५० लिहायला पेन टेकवलं आणि तारीख दिसली. दसरा. मागे तिचं जुनं ओपीडी कार्ड टाचलेलं होतं. ‘सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर.’ नऊ दिवसांच्या दोन-दोन किती होतात, हे मला पुस्तकात पाहावं लागलं नाही.

त्याच दुपारी जयवंता स्वतःच दारात उभी राहिली. सोबत सासरे नत्थूजी.

“बाई, मले कागद पाह्यजे,” ती म्हणाली. “हेडमास्तर म्हणून राहिले, चुकून झालं असं दवाखान्याकडून सोमवारपर्यंत लिहून आण, नाही तं येऊ नको. अशी बाई लेकरायजवळ ठेवता येत नाही म्हणते.”

“नवरात्र धरलं होतं का वं?”

“हो. पाणी अन् एक केळं.”

“अन् गोळी?”

“जेवणानंतर लिहिलं होतं नं. जेवणच नाही, तं जेवणानंतर कुठून आणू? दसऱ्याले जेवली, तवा राह्यलेल्या साऱ्या घेऊन टाकल्या.”

नत्थूजींनी कपाळाला हात लावला. “मंग जबाब घ्याले आला त्या पोलिसाले हे काहून नाही सांगितलं, माय?”

“त्यानं इचारलं, तूच खाल्ल्या का. मी म्हटलं, मीच खाल्ल्या. काहून खाल्ल्या, हे त्यानं इचारलंच नाही.”

पलीकडच्या टेबलावरून हेडक्लार्क महादेवराव म्हणाले, “कौसल्याबाई, डॉक्टरनं लिहिलं ते लिहा. मन नसन मानत तं ९८० टाका. सरकारी नोकरीत ‘माहीत नाही’ याच्याइतकं पक्कं उत्तर नाही.”

“पण मले माहीत आहे नं.”

“तेच तं चुकलं तुमचं.”

९८० नं जयवंताची शाळा वाचणार नव्हती. तिला बाकावर बसवून, फाईल घेऊन मी वरच्या वॉर्डात डॉक्टर उमाळकरांकडे गेले. केस त्यांच्या युनिटची, कार्डही त्यांचंच. शनिवार होता, म्हणजे मारुतीचा. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. माझे सातही वार असेच देवांत वाटले गेले आहेत. रविवार तेवढा मोकळा होता, तोही पुढे सूर्यनारायणानं घेतला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. “उपासानं विषबाधा. असा आकडा आहे का तुमच्या पुस्तकात?”

“नाही. चुकून खाल्ल्याचा आहे.”

“बाई, एक गोळी चुकून जाते. दोन जातात. अठरा नाही जात. त्यातून ती शिकलेली, मुलांना पाढे शिकवणारी. इतकं मूर्ख कोण असतं?”

“मी असते,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला.

“मागच्या नवरात्रात. ब्लडप्रेशरच्या नऊ गोळ्या. तुम्हीच दिलेल्या, जेवणानंतर. दसऱ्याला पानावरून उठले आणि घेतल्या.”

“मग?”

“देवघरातच आडवी झाले. सासूबाईंना वाटलं, अंगात आलं. त्यांनी ओटी भरली. शेजारच्या दोघी पाया पडून गेल्या. तिन्हीसांजेला जाग आली.”

“आणि इथे का नाही आलात?”

“ओटी भरल्यावर दवाखान्यात कसं यायचं?”

ते हसले नाहीत. कार्ड उलटंसुलटं करून स्वतःचं अक्षर वाचत राहिले. मग म्हणाले, “हे लेखी द्याल? फाईलला लावावं लागेल. नाही तर मी कशाच्या जोरावर खोडू?”

इथे मात्र माझा हात अडला. फाईलला लागलं की महादेवराव वाचणार, आणि त्यांनी वाचलं की दवाखान्याच्या धोब्यापर्यंत जाणार. तिथून आमचं घर दोन गल्ल्यांवर. वर्षभर सासूबाई मला मंगळवारी भांडी घासू देत नव्हत्या. देवीच्या हाताला राख लागू नये म्हणून. असं देवपण कोणाला नको असतं? मी मनात देवीला म्हटलं, तू त्या दिवशी आली नव्हतीस, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. खालची पोरगी उगाच मरायला निघालेली ठरते आहे.

मी लिहून दिलं. नाव, हुद्दा, गोळ्या नऊ. डॉक्टरांनी जुनी ओळ खोडली, ‘गैरसमजुतीने घेतल्या’ असं लिहून सही केली, आणि ठाण्यासाठी एक, शाळेसाठी एक अशी दोन पत्रं दिली. नव्या कार्डावर त्यांनी लिहिलं, ‘सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवा किंवा न जेवा.’

खाली येऊन मी आधी ई-८५१ घातलं, मग पत्रं दिली. नत्थूजींनी ती टोपीत ठेवली आणि टोपी घट्ट बसवली. जयवंता मात्र हलेना.

“बाई, कार्डावर लिहिलं ते खरं. पण देवीले चालते का गोळी, उपासाच्या दिवशी?”

“चालते.”

“कोणं सांगितलं?”

“मी तिले विचारलं.”

“कधी?”

“आताच, जिना उतरताना.”

तिनं हात जोडले. देवीला की मला, हे मी विचारलं नाही. एक देवपण नुकतंच वर लिहून देऊन आले होते.