वीतभर बांध

"हसायचं असंल तर बाहेर जाऊन हसा. हितं नाय."

बळीरामने हातातली काठी फरशीवर आपटली. अकरा नंबरच्या चित्रासमोर रोडपालीहून आलेले सातजण उभे होते. एकाने तोंडावर पंचा दाबला. दुसऱ्याला तेही जमले नाही.

"आमी तुला नाय हसत रं, चिखल्या. चित्राला हसतो."

"चित्रात कोन हाय मग?"

"तूच हायस, त्याला आमी काय करू?"

काठी वर गेली. माणसे हसतच पायऱ्या उतरली. मी टेबलाशी बसून वहीत सात रेघा ओढल्या आणि मग त्याला म्हणालो, "पुन्हा कोणाला हाकललंस तर समितीला लिहून देईन. आलेली माणसं घालवायला तुला ठेवलेलं नाही."

"राखन करायलाच ठेवलंय ना?"

"चित्रांची."

तो माझ्याकडे पाठ करून दाराशी जाऊन बसला. त्या वर्षात मी त्याची पाठ पुष्कळ पाहिली.

आमची सार्वजनिक चित्रशाळा सत्तावन्न सालच्या पाडव्याला उघडली. नगरपालिकेने बंदराकडचे एक जुने गोदाम एका वर्षापुरते दिले होते. पुढच्या पाडव्यापर्यंत चार हजार माणसांनी चित्रे पाहिली तर चित्रशाळा राहणार, नाहीतर गोदाम भाताच्या व्यापाऱ्यांकडे जाणार. उद्घाटनाच्या दिवशीच त्यांतले दोघे आत येऊन, चित्रांकडे न बघता, किती पोती मावतील याचा अंदाज घेऊन गेले होते. समितीचे अध्यक्ष कमळाकरपंत वकील. मी बी.एस्सी. होऊन हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. मला वेळ होता आणि मला मोजता येत होते, म्हणून मी चिटणीस. भिंतीवर मी एक ओला आणि एक कोरडा असे दोन तापमापक टांगले होते आणि त्यांवरून हवेतला दमटपणा रोज नोंदवत होतो. चित्रे बावीस होती.

गावाला चित्रशाळा नको होती. पायऱ्यांवर पानाच्या पिचकाऱ्या पडत. एक सेवानिवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी दारापर्यंत येत, आत न येता "आज किती?" विचारत आणि आकडा ऐकून समाधानाने परत जात. पहिल्या महिन्यात एकूण त्र्याण्णव माणसे आली. त्यांतले चाळीस माझे विद्यार्थी, तेही मी रांगेने आणलेले.

दुसऱ्या महिन्यापासून रविवारचे आकडे चढू लागले. येणारे सगळे खाडीकाठचे, मिठागरांत राबणारे लोक होते. पहिली दहा चित्रे ते बघतच नसत. थेट अकरा नंबरसमोर जात, हसत आणि निघून जात. मला त्यातला विनोद कळत नव्हता, आणि जे कळत नाही ते मला बरे वाटत नाही.

अकरा नंबर म्हणजे 'मिठागर, पनवेल'. मुंबईच्या एका चित्रकाराने सहा वर्षांपूर्वी इथे येऊन रंगवलेले आणि पुढे गावाला भेट दिलेले मोठे तैलचित्र. मिठाने भरलेला वाफा, त्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभा असलेला माणूस, हातात मीठ ओढायचे लाकडी फावडे, पायांशी पाण्यात त्याचे प्रतिबिंब. माणूस म्हणजे बळीराम, हे कोणीही ओळखले असते. पुढे ओझे वाहून त्याची कंबर गेली, तेव्हा त्याच चित्रकाराच्या शब्दावरून समितीने त्याला राखणदार म्हणून घेतला. मी ते चित्र भिंगातून तपासले. हसण्यासारखे काही सापडले नाही.

शेवटी विठू मुकादमाने सांगितले. तो रोडपालीचाच, मिठागरावरच्या टोळीचा म्होरक्या.

"मास्तर, तुमी शिकलेले. यो मानूस कुठं उभा हाय?"

"वाफ्यात."

"मीठ धरलंय का नाय?"

"धरलंय."

"मग? मीठ धरल्यावर वाफ्यात पाय घालतो तो मानूस का रेडा?"

मागे उभे असलेले पाचजण हसले. विठूने मला समजावले. मीठ ओढायचे ते बांधावर उभे राहून, आपल्याकडे. आत पाऊल पडले की तळाची चोपलेली माती फुटते, चिखल वर येतो, मीठ काळे पडते. वाफा वाया.

"अठ्ठावीस वरसं मीठ ओढलं यानं," विठू म्हणाला. "याच्यावानी पांढरं मीठ कोनाच्या हाताला नव्हतं. आमाला शिव्या द्यायचा, तुमचे पाय तोडून टाकीन बोलायचा. नि बघा सायबाच्या फळ्यावर कसा उभा हाय! म्हनून तर हसू येतं."

दाराशी बसलेल्या बळीरामला हे सगळे ऐकू येत होते. त्याने मान वळवली नाही.

लोक गेल्यावर मी त्याला विचारले, "असा का उभा राहिलास?"

"सायबानं सांगितलं म्हनून."

"तू सांगायचंस ना, असं नसतं म्हणून."

"सांगितलं. दोनदा सांगितलं. तो बोलला, पान्यात सावली झकास पडते, तू उभा ऱ्हा. मिठागराचा मालक बाजूलाच हुता. तो बोलला, सायेब सांगतो तसं कर. मना वाटलं, मुंबईला जाईल चित्र, कोन बघतंय. तो वाफा मंग मी एकट्यानं खरवडला. काळा झाला हुता." नंतर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, ते काढा तितून. गावात माज्या पोरीला चिखल्याची जनी बोलतात."

मी म्हणालो, समितीला अर्ज करावा लागेल. त्याला लिहिता येत नव्हते. अर्ज मीच लिहिला, चांगल्या अक्षरात, मुद्देसूद. त्याने खाली शाईचा अंगठा उठवला आणि अंगठा डोक्याला पुसला.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेतल्या रिकाम्या तासाला मी वही उघडून हिशेब मांडला. चार महिन्यांत एक हजार तीनशे बारा माणसे. त्यांतली नऊशे चाळीस खाडीकाठची. म्हणजे दहांतली सात अकरा नंबरसाठी येत होती. चित्र काढले तर वर्षाचा आकडा दोन हजारांच्या फारसा वर जाणे शक्य नव्हते. उदाहरण सोपे होते. मी अर्ज टेबलाच्या खणात, तापमापकाच्या रिकाम्या खोक्याखाली ठेवला.

पुढच्या महिन्यात बळीरामने विचारले, "काय बोलली समिती?"

"नाही म्हणाली."

"सगळे नाय बोलले?"

"सगळे."

त्याने मान हलवली. पावसाळाभर दमटपणा नव्वदच्या खाली आला नाही. दोन चित्रांवर बुरशी धरली. ती पुसण्याचे काम मी त्याला दिले आणि त्याने ते नीट केले. अकरा नंबरला मात्र तो हात लावत नसे. ते मी पुसायचो. आमच्यात कामापुरते बोलणे होते, तेही त्याच्या बाजूने दोन शब्दांचे.

दिवाळीनंतर मिठागरे पुन्हा सुरू झाली आणि गोष्ट खाडीपलीकडे पसरली. उलव्याहून होडीने माणसे येऊ लागली. बायकाही आल्या. "तो चिखल्या कुठाय?" असे दारातच विचारत, आणि ज्याला विचारत तोच असे. रोजचा आकडा मला गोड लागू लागला. सेवानिवृत्त गृहस्थांनी येणे बंद केले.

पौषात बळीराम टेबलापाशी येऊन उभा राहिला. एरवी तो दारातूनच बोलायचा.

"मास्तर, येत्या रविवारी चित्र भिंतीकडं तोंड करून लावाल? एकच दिस."

"का?"

"जनीचे सासरकडचे बाजाराला येनार हायत. उलव्याचे. लग्न अजून पक्कं नाय."

"रविवारी नाही जमणार."

"सोमवारी कोन येतो हितं मंग!" तो म्हणाला. रविवारच्या आकड्यासकट त्याला सगळे कळत असावे असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. "बरं. नाय तर नाय."

ते आले. विठूनेच त्यांना आणले. मुलाचा बाप अंगाने जाड, कानात भिकबाळी घातलेला माणूस. तो बराच वेळ चित्र बघत राहिला, हसला नाही. मग बळीरामसमोर येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "पोर चांगली हाय. लग्न होईल. फकस्त मांडवात बापाचं नाव कोनी घेऊ नका, लोक हसतील."

बळीरामने हात जोडले. त्या दिवशी मी एकशे अठरा रेघा ओढल्या.

फाल्गुन वद्य दशमीला, शनिवारी संध्याकाळी, चार हजार पुरे झाले. पाडव्याला अजून सहा दिवस होते. मी वहीत आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि कमळाकरपंतांकडे जाऊन आलो. त्यांनी पेढा दिला.

रविवारी सकाळी साडेसातला मी गोदामात आलो तेव्हा अकरा नंबरची जागा रिकामी होती. चित्र खाली जमिनीवर उताणे ठेवलेले. बाजूला बळीराम उकिडवा बसला होता, आणि त्याच्याजवळ केळीच्या पानात खाडीतला काळा, चिकट चिखल. तो अंगठ्याने चिखल दाबत होता. चित्रातल्या माणसाचे पाय आणि प्रतिबिंब झाकले गेले होते. वाफ्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत एक बांध आला होता.

"बळीराम!"

"भरले ना तुमचे चार हजार?"

त्याने नखाने बांधाची कड सरळ केली, मागे सरून, एक डोळा मिटून पाहिली. पुन्हा थोडा चिखल लावला. त्याचे काम मी पहिल्यांदाच बघत होतो. घाई नव्हती, आणि एकही बोट रेषेबाहेर जात नव्हते. मी ओरडायला हवे होते, चित्र उचलायला हवे होते. मी विचारले ते असे:

"बांध इतका उंच असतो?"

"वीतभर. त्याच्यावर गेला तर फावडं वाकडं पडतं." आणि जरा वेळाने, "मानसाच्या मापानं धरा. चित्रातल्या."

मी मनात मोजले. माप बरोबर होते.

दुपारी समिती जमली. कमळाकरपंत आवाज चढवून म्हणाले, "हे चित्र म्हणजे काय तुमच्या घराची भिंत आहे? तक्रार होती तर रीतसर अर्ज का नाही केलास?"

"केला हुता."

"कुठे आहे? आमच्यासमोर कधी आलाच नाही."

बळीरामने माझ्याकडे पाहिले. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. बाकीचे तिघे कमळाकरपंतांकडे बघत होते, माझ्याकडे तो एकटाच. मी वहीचे पान उलटले. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

"मंग नसंल केला," बळीराम म्हणाला.

त्याने दाराची किल्ली टेबलावर ठेवली, काठी भिंतीला लावून ठेवली आणि पायऱ्या उतरून गेला. काठी चित्रशाळेची होती.

चिखल काढण्याचे काम माझ्याकडे आले. तो तोवर वाळून भेगाळला होता आणि त्यावर अंगठ्याचे ठसे स्पष्ट उमटले होते, एकाला एक लागून. मी ओल्या फडक्याने, कापसाने, तीन दिवस ते पुसले. पाडव्याला चित्र जाग्यावर गेले, पाय पुन्हा मिठात बुडालेले. नगरपालिकेने गोदाम कायमचे दिले. भाषणे झाली.

दुसऱ्या वर्षी दाराशी बळीराम नव्हता, आणि खाडीकाठची माणसेही आली नाहीत. पावसाळा गेला, आणि मार्गशीर्षात दमटपणा पन्नासवर उतरला त्या आठवड्यात मला अकरा नंबरवर एक पांढरी रेघ दिसली. पायाखाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चिखलातले खारे पाणी रंगाच्या बारीक भेगांत उतरले होते आणि कोरड्या हवेत मीठ बाहेर येत होते. कारण मला समजले. मी वहीत लिहिले: 'क्र. ११. क्षार. पुसला.' आठ दिवसांनी ती पुन्हा आली. मी पुन्हा पुसली, पुन्हा लिहिले. चौथ्या वेळी फडके ओले केले आणि तसेच ठेवून दिले.

पौषात एका दुपारी एक नवी लग्न झालेली मुलगी आली, हिरव्या बांगड्या, सोबत कोणी नाही. तिला अकरा नंबर विचारावा लागला नाही. ती चित्रासमोर गेली आणि उभी राहिली. मी ओळखले, कारण कपाळ बापाचे होते.

"बाबा कसे आहेत तुमचे?"

"हायत. मिठाच्या राशी राखतात." तिने चित्राकडे बोट केले, हात न लावता, आणि रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेतून नेले. "हा त्यांचा बांध?"

"हो."

"पुसनार हाय का कोनी?"

"नाही."

ती पदर सावरून, मागे न बघता पायऱ्या उतरली. वही समोर उघडी होती आणि पेन्सिल हातात. त्या दिवसाचा आकडा मी लिहिला नाही.