नववं गाणं

हरलेल्या माणसाच्या तोंडी मोठी भाषा फार शोभून दिसते. मुरबाडच्या एका कॉलेजात गॅदरिंगला ओमकार, रविना आणि भगीरथ यांचा बँड वाजवायला गेला, तर दुसऱ्याच गाण्याला पोरं ओरडू लागली, "हळदीचं वाजवा, हळदीचं!" परतीच्या एसटीत ओमकार गिटार मांडीवर घेऊन म्हणाला, "आता एकच अल्बम करायचा. पण असा, की पुन्हा कदी करायला नको."

ओमकार किन्हवलीचा, शहापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. गाणारी रविना तिथल्याच एका दवाखान्यात नर्स होती. आणि ड्रम वाजवणारा भगीरथ खर्डीच्या पलीकडच्या वाडीतला. लग्नसराईत तो बेंजो पार्टीबरोबर हळदी वाजवत फिरायचा आणि उरलेले दिवस बापाबरोबर भाताच्या शेतात असायचा. तिघांना मिळून शंभर माणसंही ओळखत नव्हती. पण बेत केला तो असा: नऊ गाणी, मध्ये कुठे थांबा नाही, एका माणसाचा जन्मापासून मरणापर्यंतचा सगळा प्रवास.

आठ गाण्यांना दोन वर्षं गेली. अडलं ते नवव्याशी. नववं म्हणजे मरण. रविनाने तीनदा शब्द लिहिले आणि तीनदा फाडले. "दवाखान्यात रोज बघते मी," ती म्हणाली, "हे असं नसतं."

तेव्हा भगीरथ बोलून गेला, "आमच्यात मेल्या मानसाचं गानं असतंय. बा वाजवतो, ढाकंवर."

ढाक म्हणजे दोन तोंडांचं लहान वाद्य, एका काठीने वाजवायचं. वाडीत कुणी गेलं आणि घरच्यांचं काही बोलायचं राहून गेलं, की लोक नवसूला, म्हणजे भगीरथच्या बापाला बोलवत. नवसू ढाकेवर मेलेल्या माणसाला नावाने हाक मारी. शेजारचा पंढरी पितळी थाळी वाजवून साथ देई. माणूस घरात आलं, की घरातले एकेक करून त्याच्याशी बोलत. मनात जे असेल ते, रडत का होईना, सांगून मोकळे होत. मग नवसू पाठवणी वाजवी आणि ते माणूस परत जाई. बोलावणं आणि पाठवणी एकाच बैठकीत व्हायला हवी. बोलावणारा मधेच उठला असं वाडीत कुणी पाहिलं नव्हतं.

नवव्या गाण्यासाठी तेच रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर नवसूने सरळ नकार दिला. "ढाक काय सनई हाय, कुनी बी सांगावं नि फुकावी? आनि बोलवू कुनाला? नाव लागतं."

भगीरथ म्हणाला, "आयला बोलव."

सुंदराला, त्याच्या आईला, जाऊन चार वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा भगीरथ भिवंडीकडे हळद वाजवत होता. फोन खिशात वाजून वाजून थकला, ड्रमच्या दणक्यात त्याला काही कळलं नाही. वाडीत पोचला तेव्हा चिता विझत आली होती. बापाने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता, आणि न काढलेला शब्दच भगीरथला जास्त बोचायचा. पण खरं सांगायचं, तर आईचं नाव घेताना त्याच्या पोटात आई नव्हती, गाणं होतं. बाप नाही म्हणू शकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"बरं," एवढंच नवसू म्हणाला.

झोडणी उरकली, भात घरात आलं आणि एका दुपारी बैठक ठरली. आवाज घुमू नये म्हणून ओमकारने कुडाला गोधड्या टांगल्या. रविना कोंबड्या हाकलत अंगणभर फिरली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेली होती, तो वायरीवरच चालायचा. भगीरथ कानाला हेडफोन लावून त्याच्यासमोर बसला.

नवसूने काठी टेकवली आणि सुंदराला हाक मारली. तिच्या माहेरच्या गावाच्या नावाने मारली, ती पाणी भरायची त्या झऱ्याच्या नावाने मारली, तिच्या मशेरीच्या डबीच्या नावानेही मारली. आवाज पिकलेला, मधेच फाटणारा. पण त्यात असं काही होतं, की रविनाने तोंडाला ओढणी लावली. अकरा मिनिटांनी ढाक हळू झाली. नवसूने उंबऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आली. बोल रं."

भगीरथ पडद्यावर हलणाऱ्या हिरव्या रेघा पाहत होता. आवाज फार मोठा येतोय का, तुटतोय का, याच काळजीत होता. त्याने बापाला हातानेच 'पुढे चालू दे' अशी खूण केली. आणि तेवढ्यात लाइट गेली.

पडदा काळा झाला. नवसूने पाठवणीचा पहिला ठोका टाकलाही होता. भगीरथने पुढे वाकून बापाचा गुडघा धरला. "बा, थांब. रेकॉर्ड होत नाय. पाठवनी उद्या करू."

पंढरीची थाळी थांबली. "येडा का खुळा तू? घरात आली ना ती. मदीच कसा थांबवतोस?"

"लाइट येऊ दे काका. उद्या सकाळीच करू."

नवसू उंबऱ्याकडेच पाहत होता. त्याने काठी अलगद खाली ठेवली. "उद्या तर उद्या," म्हणाला आणि उठला.

सकाळी तो चुलीपाशी पडलेला सापडला. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. रविनानेच धावपळ करून शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब जुना आहे, कधी तपासलाच नाही तुम्ही. पंढरी म्हणाला, "बोलवलेल्याला पाठवलं नाय तर तो एकटा जात नाय. कुनाला तरी संगं नेतो." भगीरथला डॉक्टरचंही खरं वाटलं आणि पंढरीचंही. दोन्हीकडून दोष फिरून त्याच्याच दारात येत होता.

पंधरा दिवसांनी बापाला घरी आणलं. लाइट जाण्याआधीची अकरा मिनिटं लॅपटॉपमध्ये वाचली होती, ओमकारने ती दरम्यान नीट लावली होती. खाली गिटारचा एकच सूर धरून ठेवला होता, बाकी काही नाही. दोन वर्षं तिघं ज्याच्यामागे लागले होते, ते हे होतं.

"हे असंच ठेवू," ओमकार म्हणाला. "असलं आपल्या हातून पुन्हा होनार नाय, भगी."

"पाठवनी झाल्याबिगर नाय."

"पन करनार कोन ती?"

"मी."

चाल त्याला येत होती. लहानपणापासून ऐकलेली, बोटांत बसलेली. शब्द तेवढे बापाचे होते आणि ते आता बापाच्याही तोंडात राहिले नव्हते. पंढरी म्हणाला, चालीने जाते का बघू, निदान बापाचा जीव तरी वाचंल. पौषातल्या एका दुपारी तो थाळी घेऊन आला. या वेळी लॅपटॉप नव्हता, गोधड्या नव्हत्या. नवसू कुडाला टेकून चटईवर बसला होता. भगीरथने ढाक पुढ्यात घेतली आणि पाठवणी सुरू केली.

चार ठोके झाले आणि बापाचा डावा हात हलला. भगीरथच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला वाटलं बा ठेका देतोय. हात सरकत सरकत आला आणि ढाकेच्या कातड्यावर पालथा पडला. आवाज बसला.

भगीरथने हात बाजूला केला आणि पुन्हा सुरुवात केली. हात पुन्हा आला. या वेळी त्याने काठीच धरली. अर्ध्या अंगाच्या माणसाला एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, भगीरथला ती सोडवेना. नवसू मान हलवत होता. नाही. नाही.

मग त्याने काठी सोडली आणि तो हात शेजारच्या चटईवर ठेवला.

चटई मोठी होती. दवाखान्यातून आल्यापासून नवसू तिच्या एका कडेलाच निजायचा. भगीरथ रोज त्याला मधे ओढायचा आणि सकाळी तो पुन्हा कडेलाच असायचा. दुखऱ्या अंगामुळे सरकत असेल, असं भगीरथ समजत होता. आता त्याला दिसलं, की बापाने जागा ठेवली होती. आणि त्या दुपारी 'उद्या तर उद्या' म्हणून तो इतक्या मुकाट्याने का उठला, हेही कळलं. पोराच्या गाण्यासाठी नव्हता थांबला तो. चार वर्षांनी बायको घरात आली होती आणि तिला घालवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

पाठवणी वाजवली तर आई जाणार. नाही वाजवली तर बाप जाणार. पंढरी थाळी धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

भगीरथने ढाक दूर सारली. रिकाम्या चटईकडे पाहायला त्याला धीर होईना, पण तो पाहत राहिला.

"आय," तो म्हणाला, "मी हळदीला गेलतो गो. फोन वाजत व्हता, मला आयकू नाय आला. त्या दिवशी तुला बा घिऊन आला, तवा बी मी मशीनच बघत बसलो." त्याचा आवाज मोडला आणि मग तो आवरायच्या भानगडीत पडला नाही. लहान पोरासारखा रडला. नवसूचा डावा हात चटईवरून उठून त्याच्या डोक्यावर आला.

ओमकारला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, की नववं गाणं पुसून टाक. ओमकार दोन दिवस बोलला नाही. भांडलाही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने भगीरथला दुकानात बोलावलं, त्याच्यासमोर ती अकरा मिनिटं पुसली आणि तोंड फिरवून गिऱ्हाइकाचा फोन उघडायला घेतला.

नवसू माघात गेला, झोपेत, चटईच्या कडेलाच. अल्बम त्यानंतर दहा दिवसांनी आला, आठ गाण्यांचा. कुणी कुणी ऐकला आणि विचारलं, असा अचानक का संपतो. रविना म्हणायची, तेवढाच झाला.

बाराव्याला पंढरी थाळी घेऊन आला आणि पडवीत ती मांडीवर ठेवून बसून राहिला. बापाला सांगण्यासारखं भगीरथजवळ पुष्कळ होतं. पण वाडीत आता हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. भगीरथला पाठवणीची चाल येत होती. बोलावणं येत नव्हतं.